पार पाडणं आणि आरपार पाहणं

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये असताना फोनवर एक मेल आला. आम्ही सहा जण चौदा महिने ज्या प्रॉडक्टवर काम करत होतो, त्याविषयीचा. चारच ओळी होत्या. पहिल्या ओळीत कंपनी हे प्रॉडक्ट 'वाइंड डाउन' करणार असल्याचं कळवलं होतं. तिसऱ्या ओळीत आमचे आभार मानून, टीमनं आता 'सी इट थ्रू' करावं अशी अपेक्षा होती.

मी तिसऱ्या ओळीला धरून बसले. शाळेत पाठ केलेल्या यादीत 'सी थ्रू'समोर 'शेवटास नेणे, तडीस नेणे' असं लिहिलेलं होतं. म्हणजे अजून आशा आहे, काम तडीस न्यायला सांगतायत, असं मी ठरवून टाकलं. पुढचे दोन शनिवार-रविवार बसून मी जुने बग काढले. एका मैत्रिणीच्या कंपनीतून ऑफर आली होती, तिला 'हातातलं अर्धवट टाकून येववत नाही गं' असं कळवलं. टीममधला सगळ्यात जुना सहकारी तेव्हा म्हणाला होता, "अगं, ते आवराआवर करायला सांगतायत." त्याचं मी ऐकलं नाही. नऊ आठवड्यांनी मी डेटा दुसरीकडे हलवला, कागदपत्रं लिहून दिली आणि शेवटचा सर्व्हर स्वतःच्या हातानं बंद केला. ज्याला मी 'तडीस नेणं' समजत होते ते हे होतं.

त्या मेलवर रागवायचं दिवस संपले आहेत. चुकीचा एक भाग माझ्या वाचण्यातही होता, आणि तो मला अजून छळतो. इंग्रजीत काम पुरं करण्यासाठी आणि नेटानं करत राहण्यासाठी डझनावारी क्रियापदं आहेत. आपण ती समानार्थी म्हणून शिकतो, समानार्थी म्हणून वापरतो आणि मग त्यांच्याकडून फसतो. ती वाचायची कशी, याबद्दल हा लेख.

यादीतला घोळ

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या स्पर्धापरीक्षांच्या गाइडपर्यंत मराठी मुलं इंग्रजी शिकत आली ती दोन रकान्यांतून. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. कॅरी आउट म्हणजे पार पाडणे. कॅरी ऑन म्हणजे चालू ठेवणे. कॅरी थ्रू म्हणजे पुन्हा पार पाडणे. कॅरी ऑफ म्हणजे... इथपर्यंत मास्तरही कंटाळलेले असायचे.

परक्यांना हे जड जातं, ही तक्रार जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सननं 1755 मध्ये आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यानं कबूल केलं की क्रियापदामागे एखादं छोटं अव्यय लावून अर्थ बदलण्याची इंग्रजीची खोड परदेशी माणसाला सगळ्यात जास्त छळणारी आहे. या जोड्यांना आज आपण 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतो. हे नाव रूढ केलं लोगन पिअरसॉल स्मिथनं, 1925 च्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकात. ते सुचवण्याचं श्रेय त्यानं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं.

मधल्या काळात, 1852 मध्ये, पीटर मार्क रॉजे या डॉक्टरानं 'थिसॉरस' काढला. कल्पनेनुसार शब्दांचे गठ्ठे बांधायचे आणि शक्यतो विरुद्ध गठ्ठा शेजारी ठेवायचा, अशी त्याची रीत. ही रीत लेखकाला शब्द शोधून देते, यात वाद नाही. पण एका गठ्ठ्यात बांधलेले शब्द एकमेकांच्या जागी चालतात असा आपला समज होतो. आता फोनवर शब्द दाबून धरला की पर्याय सुचतात. त्यामुळे तो समज बोटांत उतरला आहे.

अव्यय वाचायचं

माझं म्हणणं साधं आहे. या जोड्यांत मुख्य क्रियापदाकडे कमी आणि मागच्या अव्ययाकडे जास्त बघा. काम कुठे संपतं, संपतं का, आणि संपताना काय शिल्लक राहतं, हे बहुतेक वेळा तेच सांगतं.

'अप' घ्या. ईट अप, यूज अप, फिनिश अप. ताटात काही उरलं नाही, डबा रिकामा झाला. 'ऑफ' आलं की तुकडा पडतो: फिनिश ऑफ, साइन ऑफ, पे ऑफ. संबंध तुटला, हिशेब मिटला. फिनिश ऑफ हे जीव घेण्यासाठीही वापरतात ते उगीच नाही. 'आउट'मध्ये काहीतरी तळापर्यंत उपसलं जातं. होल्ड आउट म्हणजे तग धरणं, स्टिक इट आउट म्हणजे नको असताना शेवटपर्यंत टिकणं. त्याच रांगेतलं बर्न आउट आमच्या क्षेत्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

'अवे' मजेशीर आहे. वर्क अवे, प्लग अवे, हॅमर अवे. माणूस ठोकतोय, ठोकतोय, आणि शेवटाचा पत्ता नाही. 'ऑन'चंही तसंच: कॅरी ऑन, प्रेस ऑन, सोल्जर ऑन, ड्रॅग ऑन. रस्ता पुढे आहे एवढंच 'ऑन' सांगतं. गाव आहे की नाही, ते सांगत नाही. आणि मग येतं 'थ्रू'. फॉलो थ्रू, पुल थ्रू, गो थ्रू विथ, सी थ्रू. इथे मात्र पलीकडची बाजू गृहीत धरलेली असते. आत शिरलात, आता दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं.

नियम म्हणून हे पाठ करू नका, अपवाद पुष्कळ सापडतील. पण कान तयार व्हायला एवढं पुरतं. आणि मराठी माणसाचा कान खरं तर तयारच असतो. इंग्रजी जे अव्ययातून करते, ते आपण दुसऱ्या क्रियापदातून करतो. 'लिहिणं' हे एकच काम घ्या. लिहून टाक, म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरव. लिहून काढ, म्हणजे आत आहे ते सगळं बाहेर येऊ दे. लिहून ठेव, पुढे उपयोगी पडेल. लिहून बसलीस ना, आता भोग. लिहीत राहा, हा आशीर्वाद. लिहीत जा, हा सल्ला. लिहीत बस, हा टोमणा. 'दिवस काढले' आणि 'दिवस घालवले' यांतला फरक आपल्याला कुणी रकान्यातून शिकवला नव्हता. पहिल्यात सोसणं आहे, दुसऱ्यात वाया जाणं. तरी इंग्रजी समोर आलं की आपण हा कान घरी ठेवून येतो आणि सगळ्यांसमोर 'पूर्ण करणे' लिहून मोकळे होतो.

'थ्रू'बाबत तर आपली सबब अजिबात चालत नाही. तडीस नेणं यातली 'तड' म्हणजे काठ. पार पाडणं यातला 'पार' म्हणजे पलीकडचा तीर. नदी उतरून जाणाऱ्या लोकांची ही भाषा आहे. काम म्हणजे पाणी आणि संपणं म्हणजे पलीकडे लागणं. त्यात आणखी एक गंमत आहे. भाषांचा इतिहास तपासणारे इंग्रजीतलं 'थ्रू' आणि संस्कृतातला 'तॄ' हा धातू एकाच प्राचीन मुळाशी नेतात. 'ओलांडून जाणं' हा त्याचा अर्थ. आपलं 'तरणं', 'तरून जाणं' त्याच धातूचं. म्हणजे दुखण्यातून उठलेल्या माणसाबद्दल इंग्रज 'पुल थ्रू' म्हणतो आणि माझी आजी 'तरला बिचारा' म्हणते, तेव्हा दोघं लांबच्या नात्यातले शब्द वापरत असतात.

चालू द्या

आता 'ऑन' आणि 'थ्रू' यांतला फरक प्रत्यक्ष मजकुरात पाहू. पहिला नमुना तुमच्या ओळखीचा आहे. मुकुटाखाली पाच शब्द: कीप काम अँड कॅरी ऑन. मगवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर तो तुम्ही पाहिला असेल. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयानं 1939 मध्ये हे पोस्टर छापलं. 24 लाखांहून जास्त प्रती निघाल्या. मोठे हवाई हल्ले झाले तर लावायचं म्हणून ते राखून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ते फारसं लागलंच नाही आणि बहुतेक प्रतींचा पुढे कागदासाठी लगदा झाला. 2000 साली उत्तर इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक गावच्या बार्टर बुक्स या जुन्या पुस्तकांच्या दुकानात, विकत घेतलेल्या पुस्तकांच्या खोक्यात एक प्रत सापडली. दुकानात ती फ्रेम करून लावली, गिऱ्हाइकं मागू लागली, आणि तिथून ती जगभर गेली.

या ओळीत 'थ्रू' नाही, 'ऑन' आहे. सरकारला युद्ध कधी संपेल ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे पलीकडचा काठ दाखवणं खोटं ठरलं असतं. त्या अर्थानं हे प्रामाणिक पोस्टर आहे. पण दुसरी बाजूही बघा. लष्करात 'कॅरी ऑन' हा अधिकाऱ्याचा हुकूम असतो. साहेब आत येतात, सगळे उठून उभे राहतात, साहेब म्हणतात, "चालू द्या." काय चालू द्यायचं, कशासाठी, हे विचारायचं नसतं. जे करत होतात तेच करा. शिवाय 'कॅरी' म्हणजे वाहणं. काय वाहायचं ते वाक्यातून गळालेलं आहे. मला वाटतं, ऑफिसच्या मगवर ही ओळ इतकी शोभते ती याच कारणानं. तिच्यात ओझं आहे, आज्ञा आहे आणि मुक्काम नाही.

ब्रिटलिंगचं 'इट'

दुसरा नमुना त्याआधीच्या महायुद्धातला. एच. जी. वेल्सची 'मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू' ही कादंबरी 1916 मध्ये आली आणि त्या काळी तुफान खपली. आज वेल्सचं नाव निघालं की टाइम मशीन आणि मंगळावरचे हल्लेखोर आठवतात. ही कादंबरी फारसं कुणी काढत नाही. मी ती केवळ शीर्षकासाठी शोधली, हे कबूल करते.

ब्रिटलिंग हा एसेक्समधल्या खेड्यात राहणारा नामवंत लेखक, बराचसा वेल्ससारखाच. घर माणसांनी भरलेलं. त्यांच्यात मुलांचा जर्मन शिक्षक हाइनरिश आहे, व्हायोलिन वाजवणारा. युद्ध सुरू होतं. हाइनरिश मायदेशी लढायला जातो. ब्रिटलिंग उत्साहानं लेख लिहितो: हे युद्ध जगाला शहाणं करील. मोठा मुलगा ह्यू आघाडीवर जातो आणि मारला जातो. पुढे हाइनरिशही गेल्याचं कळतं. शेवटच्या प्रकरणात ब्रिटलिंग रात्रभर बसून हाइनरिशच्या आईवडिलांना पत्र लिहितो. व्हायोलिन परत पाठवायचं आहे, त्यासोबतचं हे पत्र. सलग पत्र काही होत नाही. मसुदे होतात, तुकडे पडतात, विचार पत्राबाहेर वाहत जातो, आणि उजाडतं.

शीर्षकातलं 'इट' म्हणजे काय, हा प्रश्न घेऊन मी ही कादंबरी वाचली. सुरुवातीला उत्तर सोपं आहे: युद्ध. देश ते तडीस नेणार आणि ब्रिटलिंग त्यात आपला वाटा उचलणार. ह्यू गेल्यावर 'इट' बदलतं. आता दुःख पार करायचं आहे. शेवटच्या रात्री ते आणखी लहान होतं: एक पत्र, आणि तेही पुरं होत नाही. 1916 मध्ये युद्धाचा शेवट कुणाला दिसत नव्हता. तो यायला 1918 चा नोव्हेंबर उजाडायचा होता. तरी शीर्षक वर्तमानकाळात ठामपणे 'थ्रू' म्हणतं. काठ दिसत नसताना काठाचं आश्वासन.

इथे इंग्रजी व्याकरणातली एक बारीक गोष्ट मदतीला येते. 'सी इट थ्रू' म्हणजे शेवटपर्यंत साथ देऊन पार पाडणं. यातला 'इट' एक घर पुढे सरकवा: 'सी थ्रू इट'. आता अर्थ झाला आरपार पाहणं, सोंग ओळखणं. तेच तीन शब्द, फक्त क्रम वेगळा. वेल्सनं हा खेळ मनात ठेवून शीर्षक दिलं, असा माझा दावा नाही. पण कादंबरी एका अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे सरकते, हे वाचताना जाणवतं. ब्रिटलिंग युद्ध पार पाडायला निघतो, आणि वाटेत त्याला युद्धाच्या घोषणांच्या आरपार दिसायला लागतं, स्वतःच्या जुन्या लेखांच्याही. शत्रूच्या आईबापांना लिहायला बसणं त्यातूनच येतं.

कादंबरी कुठे कमी पडते, तेही सांगायला हवं. एवढं दिसल्यावर वेल्स घाबरतो. शेवटाकडे ब्रिटलिंगला देव सापडतो, आणि त्या देवाच्या होडीत बसून तो घाईनं पैलतीर गाठतो. अर्धवट पत्रांची ती रात्र इतकी खरी आहे की हा तीर आयता आणून ठेवल्यासारखा वाटतो. वेल्सनंही पुढे आपल्या आत्मचरित्रात या धार्मिक वळणापासून अंतर घेतलं. शीर्षकात 'थ्रू' लिहून टाकलं की लेखकाला काठ कुठून तरी आणावाच लागतो, असं मला वाटतं. मलाही लागला होता. मी दोन शनिवार-रविवार बग काढत बसले होते, ते माझं काठ तयार करणंच होतं.

गो ऑन

तिसरा नमुना काठच नाकारणारा. सॅम्युएल बेकेटची 'लिनोमाब्ल' ही कादंबरी 1953 मध्ये फ्रेंचमध्ये आली. 'द अननेमेबल' हा तिचा इंग्रजी अवतार 1958 चा, अनुवाद बेकेटचाच. एक आवाज बोलत राहतो. तो कुणाचा, कुठून येतो, ठाऊक नाही. शेवटी तो एकाच दमात सांगतो की पुढे जाता येत नाही, आणि पुढे जाणार आहे. ते वाक्य आता प्रेरणादायी पोस्टरांवर फिरतं. इथे उद्धृत करत नाही; शोधलंत तर अर्ध्या मिनिटात सापडेल.

पोस्टरवर जे दिसत नाही ते क्रियापदात आहे. फ्रेंच शेवटात 'कोंतिन्युए' आहे, एकसंध, घट्ट क्रियापद. इंग्रजीत 'कंटिन्यू' हे त्याचं सख्खं भावंड हाताशी होतं. बेकेटनं ते घेतलं नाही, 'गो ऑन' घेतलं. आता कादंबरीचं पहिलं पान काढा. तिथे हाच आवाज 'गो ऑन'ची जोडी फोडून संशय घेतो: ह्या जाण्याला जाणं म्हणायचं का, ह्या पुढेला पुढे म्हणायचं का. फ्रेंचमध्ये त्या जागी वेगळा वाक्प्रचार आहे, त्यामुळे पहिलं पान आणि शेवट शब्दानं जोडलेले नाहीत. इंग्रजीत ते जोडले जातात. शेवटचं 'गो ऑन' वाचताना पहिल्या पानावरचा संशय कानात असतो. 'जाणं' खरं जाणं आहे का ते माहीत नाही, 'पुढे' खरोखर पुढे आहे का ते माहीत नाही, आणि तरी. हट्टाच्या पोस्टरमध्ये हा संशय मावत नाही, म्हणून तिथे उरतो तो फक्त हट्ट.

मी त्या शेवटाचं मराठी करून पाहिलं. 'चालू ठेवणं' जमेना, त्यात कुणीतरी बटण दाबतंय असं वाटतं. 'पुढे जाणं' म्हटलं की प्रगती आली, बढती आली. शेवटी 'चालत राहणं'पाशी थांबले. 'चालणं' या एका शब्दात पाय टाकणं आहे, यंत्र सुरू असणं आहे, 'काय चाललंय?' आहे आणि 'चालेल' मधली तडजोडही आहे. त्यामागचं 'राहणं' म्हणजे जागचं न हलणं. हलायचं आणि हलायचं नाही, हे दोन्ही मराठी एका जोडीत बसवते. बेकेटला हवं असलेलं नेमकं हेच, असं म्हणण्याचं धाडस करणार नाही. पण 'पूर्ण करणे' वाल्या रकान्यापेक्षा मी नक्कीच जवळ पोचले होते.

पलीकडे काय आहे?

तीन नमुन्यांतून हाती येतं ते एवढंच. 'ऑन' म्हणणारा काठ दाखवत नाही. तो बेकेटसारखा असेल, तर काठ नसल्याचं तोंडावर सांगतो. साहेबासारखा असेल, तर काठाचा विषयच काढू देत नाही. 'थ्रू' म्हणणारा काठाचा शब्द देतो, म्हणून त्याला विचारायचा हक्क आपल्याला मिळतो: पलीकडे काय आहे? तिथे पोचलो हे कशावरून समजायचं? माझ्या त्या मेलमध्ये काठ होता. पहिल्याच ओळीत होता. 'वाइंड डाउन', म्हणजे किल्ली दिलेलं घड्याळ हळूहळू मंदावत थांबणं. मराठीत आवरतं घेणं. मी 'थ्रू' वाचलं आणि काठ मात्र माझ्या मनातला लावला. जुना सहकारी 'आवराआवर' म्हणाला, तेव्हा त्यानं दोन्ही ओळी एकत्र वाचल्या होत्या. चांगल्या समीक्षकानं करायचं ते काम त्यानं चहा पिता पिता केलं.

चिकाटी वाईट असं मला म्हणायचं नाही. माझ्या आईवडिलांनी रेटून, निभावून, ओढून संसार केला आणि माझं इंजिनिअरिंग त्यातूनच झालं. पण 'निभावणं' हा शब्द ते स्वतःबद्दल वापरायचे, तोही नंतर, मागे वळून बघताना. दुसऱ्याला मेल करून 'निभाव' असं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

आता मी दुसरीकडे काम करते. गेल्या महिन्यात एका रखडलेल्या कामावर लीडनं मेसेज टाकला: टीमनं हे 'सी थ्रू' करायचं आहे. मी उलट विचारलं, कुठपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत, काय झालं म्हणजे झालं समजायचं? तासाभरानं उत्तर आलं: 'फॉर नाऊ, जस्ट कॅरी ऑन.'

मी 'ऑन' वाचलं. त्या दिवशी सहा वाजता लॅपटॉप बंद केला.